बालाघाटच्या सहा बाटल्या

१

पंचाक्षरी साहेबानं पेला उन्हात धरला, नाकाशी नेला, एक घोट घेतला, गुळणीसारखा ह्या गालातून त्या गालात फिरवला आणि पायाशी ठेवलेल्या बादलीत थुंकला. मग खिशातून रुमाल काढून जीभ पुसली. जीभ! उदगीरच्या भर बाजारात, संगप्पाच्या वाइन शॉपसमोरच्या मांडवात, शे-सव्वाशे माणसांच्या देखत.

"रेवणसिद्ध, हे काय आणलंस?" तो म्हणाला. "ही वाइन न्हाई. वाइनीची बाटली धुतलेलं पाणी हाय."

रेवणसिद्धचं तोंड पेल्यातल्या वाइनीसारखंच फिकं पडलं. त्यानं दुसरी बाटली उघडली. मग तिसरी. सहाच्या सहा बाटल्या तशाच.

ते साल दोन हजार सोळाचं. लातूरला रेल्वेनं पाणी येऊन राहिलं होतं आणि उदगीरला त्या रेल्वेच्या नुसत्या बातम्या. नळ कोरडे, बोअर कोरडे, तरी चौकाचौकात बोर्ड: उदगीर जिल्हा झालाच पाहिजे. प्यायला पाणी न्हाई त्या गावात कलेक्टर अंघोळ कुठं करणार, हे कुणी इचारत नव्हतं. पण कलेक्टर हापिस आपल्याच रानाला लागून होणार, असं ज्याला त्याला वाटत होतं. संगप्पाचंही डोकं तसंच चाललं. जिल्हा झाला की साहेब लोक येणार, साहेब लोक काय देशी पिणार न्हाईत. म्हणून त्यानं परवाना काढून मांडव टाकला आणि वर पाटी लावली: मराठवाड्याच्या वाइनी चाखा. किनवटच्या जांभळाची होती, कंधारच्या सीताफळाची होती आणि उदगीरच्याच रेवणसिद्धच्या द्राक्षांची होती, 'बालाघाट' नावाची. चाखायला खास हैदराबादहून हा पंचाक्षरी साहेब आणलेला. मोठ्या हॉटेलांसाठी वाइन निवडणं हाच त्याचा धंदा.

गाव लोटलं होतं ते वाइन बघायला कमी आणि ती बादली बघायला जास्त. घोट घ्यायचा अन् थुंकायचा!

"घागरभर पाण्यासाठी बाया झिंज्या उपटून राहिल्या," मागून कुणीतरी म्हणालं, "अन् हितं बगा, बादलीच्या बादली थुंकी."

पहिल्या रांगेत कपाळाला विभूती लावून, डोक्यावर पदर घेऊन रेवणसिद्धची आत्या बसली होती. नाव चतुराबाई, पण अख्खं गाव तिला चतुराक्का म्हणायचं. तिची जीभ गावात नावाजलेली. बोलायला तर होतीच, पण पाण्याला जास्त. एक घोट घेऊन टँकर कुठल्या विहिरीवर भरला ते सांगायची. एकदा टँकरवाल्याला म्हणाली, "ह्या विहिरीत बेडकी पडली हाय." टँकरवाला दात काढून हसला. दुसऱ्या दिवशी विहिरीतून बेडकी निघाली, पिलांसकट. पिलांचं लोकांनी वाढवलं असेल. बेडकीचं मात्र खरं.

"आण तो पेला," चतुराबाई म्हणाली.

लिंगायताची बाई, अडुसष्ट वर्षांची, वाइन शॉपच्या दारात पेला मागून राहिली!

"अक्का, दारू हाय ती," संगप्पा म्हणाला.

"मग मी काय सरबत समजून मागितली का? डोळे मिटून घेतलं की काढाच असतो. आण."

तिनं डोळे मिटले, घोट घेतला, साहेबासारखाच दोन्ही गालांतून फिरवला. थुंकली मात्र न्हाई. त्या उन्हाळ्यात ओलं म्हणून जे काही तोंडात जाईल ते थुंकायची सवयच राहिली नव्हती.

"पाणी घातलंय," ती म्हणाली. "अर्ध्याला अर्धं."

एवढं ती बोलली. ते पाणी कुठलं, हेही तिच्या जिभेनं ओळखलं होतं. पण ते तिनं घोटाबरोबर गिळून टाकलं.

२

पंचाक्षरी साहेब गाडीकडं निघाला तशी चतुराबाई आडवी आली.

"साहेब, शेडातल्या टाकीत वाइन शिल्लक हाय. कुलपात हाय, चावी पोराच्या करगोट्याला हाय. तिला कुणी हात लावला न्हाई. ती चाखा."

"आजी, टाकीतली चाखीन हो. पण ज्याला सहा बाटल्या राखता आल्या न्हाईत, त्याच्याकडून हॉटेलांसाठी मी सहा हजार कशा घेऊ? कुणी घोळ केला ते कळल्याबिगर माझं मन धजत न्हाई. पाचला मी निघणार."

"पाचच्या आत सांगते."

साहेबानं घड्याळ बघितलं. अकरा वाजले होते. "पाच म्हणजे पाच," तो म्हणाला.

रेवणसिद्ध खुर्चीत डोकं धरून बसला होता. का, ते चतुराबाईला ठाऊक होतं. साहेब गेला तर उद्या सकाळी त्याचे दोन एकर द्राक्षाचे वेल मुळासकट उपटले जाणार होते. बापाचा तसा शब्द होता.

बाप म्हणजे चतुराबाईचा धाकटा भाऊ शिवमूर्ती. तो सहा वर्षांचा असताना आई गेली, तेव्हापासून चतुराबाईनं त्याला कडेवर घेऊन वाढवला. पुढं तो पोष्टात लागला. तीस वर्षं नोकरी केली, पण दुसऱ्याचं पाकीट कधी उजेडाला धरून बघितलं न्हाई. पूजेबिगर पाणी न पिणारा माणूस. पोरानं वाइनीची द्राक्षं लावली तेव्हा तीन महिने त्याच्याशी बोलला न्हाई. शेवटी एक दिवस गळ्यातलं लिंग हातात घेऊन, बहिणीला साक्षीला बसवून म्हणाला, "एक साल देतो. कुणी जाणत्यानं तुझी वाइन पसंत केली तर वेल राहतील. न्हाई केली तर दुसऱ्या दिवशी उपटायचे. मी त्या दारूला शिवणार न्हाई अन् तुझ्या आडवाही येणार न्हाई."

त्याच दिवशी चतुराबाईनं हक्कसोड पत्रावर सही केली होती. रान आईचं, निम्मं तिचं. "अक्का, पोराच्या परवान्याला एकाच नावाचा सातबारा बरा पडतो," शिवमूर्ती म्हणाला होता.

"आईचं रान रानच राहील ना रे?"

"मी हाय ना, अक्का."

तिनं चष्मासुद्धा लावला न्हाई. सही केली.

मागच्या उन्हाळ्यापासून रेवणसिद्ध आणि त्याची बायको सिंधु, भांडी घासलेलं, कपडे धुतलेलं पाणी गाळून एकेका वेलाला तांब्या-तांब्यानं घालत होते. एकेका वेलाला नाव होतं म्हणा ना.

"ऊठ," चतुराबाई म्हणाली. "बाटल्या कवा भरल्यास?"

"शुक्रवारी सांजच्याला, आत्या. बूच घातलं, वरून लाख लावली. सिंधुनं गळ्याला कागदाच्या पट्ट्या चिटकवल्या. शेड तापतंय म्हणून रातभर अप्पांच्या मधल्या खोलीत ठिवल्या. शनिवारी सकाळी बसवराजच्या जीपमधून हितं. तवापासून संगप्पाच्या दुकानात."

घर, जीप, दुकान. तीन जागा.

तिनं एक बाटली उचलली. लाख गुळगुळीत, कुठं ओघळ न्हाई, थेंब न्हाई. पण गळ्याच्या कागदी पट्टीवर दोन चेपलेल्या खुणा होत्या, समोरासमोर, खेकड्यानं नांगीत धरल्यासारख्या. दुसरी बाटली बघितली. तशाच खुणा. सहाही बाटल्यांवर.

"हे सिंधुनं केलं?"

"छे! तिनं तर बोटानं थापून थापून बसवल्या हुत्या."

चतुराबाईनं बाटली पदरात गुंडाळली. खेकडा बाटली उघडत नसतो. मग बाटलीला हात न लावता ती धरायची कुणाला गरज पडली?

३

पहिला संगप्पा. त्याच्या दुकानात नाशकाकडच्या एका बड्या कंपनीच्या बाटल्या छतापर्यंत रचलेल्या. बालाघाट पडली तर त्या जास्त खपणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

"संगप्पा, मला तहान लागली. दुकानातलं पाणी दे."

"अक्का, इचारायचं ते सरळ इचारा की!"

"सरळच इचारून राहिले. पाणी दे."

त्यानं जारचं पाणी दिलं. तिनं चाखलं. ना गोड ना खारं. प्लॅस्टिकला ताप आल्यावर जशी चव लागेल तशी.

"दुसरं पाणी न्हाई?"

"दुसरं कुठून आणू? आठ दिस झाले, दाढीसुद्धा जारच्या पाण्यानं करून राहिलो." मग तो दुखावून म्हणाला, "मांडव मी टाकला, साहेब मी बोलावला. माझ्याच लग्नात मीच कामून विघ्न आणू?"

तिनं मान हलवली आणि जिना चढली. वरच्या खोलीत किनवटची तारामती उतरली होती. तिच्या बचत गटानं जांभळाची वाइन केली होती. कंधारची साहेबानं आधीच बाजूला सारली होती, आता त्याच्यापुढं तिचीच उरली होती.

"या आजी," तारामती म्हणाली. "तुमचीच वाट बघत हुते. आता माझ्यावर शक घेणार न्हाई तर कुणावर?"

"पाणी दे गं बाई."

तारामतीनं गावाहून आणलेला कॅन उघडला. पाण्याला लोखंडाची चव. जंगलातल्या हापशाचं पाणी, चतुराबाईनं ओळखलं. ओठ चाटून खात्री केली.

"आजी, एक सांगू का?" तारामती कमरेला हात लावून म्हणाली. "मला जिंकायचंच असतं तर मी माझ्या वाइनीत साखर घातली असती. दुसऱ्याच्या बाटलीत पाणी कामून घालू? तीन बाटल्या पाणी! ह्या दिसांत तीन बाटल्या पाणी कोण कुणाला देतंय? अन् दुसरी गोष्ट. तीन बाटल्या पाणी आत गेलं म्हणजे तीन बाटल्या वाइन बाहेर आली का न्हाई? ती कुठं गेली?"

चतुराबाई जिन्यातच थबकली. पोरीचं डोकं चालत होतं. ह्या सालात पायावर घेतलेलं पाणीसुद्धा लोक घमेल्यात धरून झाडाला घालत होते. ओली वस्तू मातीत ओतून द्यायला कुणाचा हात वळणार न्हाई. मग ती वाइन कुणीतरी प्यालं असणार.

कोण प्यालं?

४

बसवराज किल्लारीचा. जीपवर पोट, आणि गप्पांवर जीप. तो रेवणसिद्धचा शाळेपासूनचा जोडीदार. चिंचेखाली जीप लावून बोनेटवर बसला होता.

"बसवराज, तू वाइन प्यालास का?"

"अक्का, मी प्यालो असतो तर बाटल्या पाण्यानं भरायची तकलीफ घेतली असती का? रिकाम्याच दिल्या असत्या!"

ते खरं होतं. तरी चतुराबाईचा जीव म्हणत होता, देवा, हाच निघू दे. लबाड हाय, पण परका हाय. ह्याचं दुःख दोन दिसांत विसरता येईल.

"जीपमध्ये पाणी हाय?"

मागच्या सीटखाली कॅन होता. "तुमच्या शिवमूर्ती काकांच्याच घरी भरून घेतला शनिवारी," बसवराज म्हणाला, आणि चतुराबाईच्या छातीवरचा धोंडा एकदम हलका झाला. म्हणजे ते पाणी जीपमध्येही होतं! तिनं घाईनं झाकण काढलं, ओंजळ भरली, तोंडात घेतली.

डिझेल. कॅनला असा डिझेलचा वास की घोटाबरोबर डोळ्यांतून पाणी आलं. वाइनीत त्या वासाचा टिपूससुद्धा नव्हता.

धोंडा परत होता तिथं येऊन बसला.

"अक्का, रडताय का काय?"

"तुझ्या डिझेलनं रडले, मेल्या. शनिवारी बाटल्या घ्यायला गेलास तवा काय काय झालं ते सांग. समदं सांग."

"समदं म्हणजे? गेलो, काकांनी खोकं दाखवलं, मी उचललं. अन् तुमच्या त्या गंगी शेळीनं मला धडक मारली."

"गंगीनं? ती तर मांजरापेक्षा गरीब हाय."

"कसली गरीब! आधी मला हाणलं, मग जीपच्या टायरला हाणलं, मग बांधावरच्या जिल्हा मागणीच्या बोर्डाला अशी धडक दिली की 'उदगीर जिल्हा' मोडून पडला अन् नुसतं 'झालाच पाहिजे' राहिलं. अन् मग चारी पाय चार दिशेला टाकून घोरायला लागली. काका म्हणाले, ऊन लागलं."

चतुराबाई हसली न्हाई. एरवी ही गोष्ट तिनं गावभर तिखटमीठ लावून सांगितली असती.

"किती वाजता गेला हुतास रे?"

"सातच्या आत."

"सातला कसलं ऊन लागतंय, बसवराज?"

चतुराबाई जीपमध्ये चढून बसली.

"चल. भावाच्या घरी."

५

शिवमूर्तीचं घर रानातच, नळेगाव रोडला. चतुराबाई आधी घरात गेली न्हाई. वेलांमधून चालली. पानं उन्हानं वाळून कागद झालेली, पण बुंधे हिरवे. वेलांच्या मधून चुन्याची पांढरी रेघ गेली होती. पुढं दुसरी. शुक्रवारीही तिनं त्या बघितल्या होत्या. "वाळवीला चुना टाकलाय, अक्का," शिवमूर्ती म्हणाला होता. आज ती रेघेच्या कडेकडेनं चालत गेली. रेघ सरळ गेली, बांधाच्या खुंटाशी काटकोनात वळली, परत सरळ गेली.

ती खुंटाशी वाकली आणि तो कोपरा बोटानं चाचपून बघितला.

घरात सिंधु पदरानं तवा धरून चुलीवरून उतरवत होती. बोटाला फोड आलेला.

"सांडशी कुठं हाय गं?"

"काय सांगू आत्याबाई, शनिवारपासून घावंना. इचारलं तर अप्पा म्हणतात, उंदरानं नेली. लोखंडाची सांडशी उंदीर नेतोय का?"

"नेतोय की. चांगला पोसलेला असला तर."

ती शेळीच्या गोठ्यात गेली. गंगी आज शहाण्यासारखी रवंथ करून राहिली होती. आंबोणाच्या घमेल्याच्या बुडाला जांभळा वण होता, खरडून न निघणारा. आणि मागच्या गवताच्या पेंढीखाली सांडशी.

चतुराबाईनं पदरातली बाटली काढली. सांडशीची दोन टोकं गळ्याच्या पट्टीवरच्या खुणांवर ठेवली. पाय वहाणेत बसावा तशी बसली.

साडेतीन वाजले होते. तिनं बसवराजला हाक मारली.

"जा, साहेबाला घेऊन ये. रेवणलाही आण."

"काय सांगू त्यांना? कुणी केलं म्हणून?"

"काही सांगू नको. पाणी प्यायला बोलावलंय म्हणावं."

६

साहेब आला. ओसरीवर घोंगडी टाकलेली. शिवमूर्ती समोर बसला होता, धुतलेलं धोतर, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. एका बाजूला रेवणसिद्ध आणि सिंधु उभे.

"शिवा," चतुराबाई सहज म्हणाली, "पाहुणा उन्हातून आलाय. पाणी दे की."

ह्या घरात पाहुण्याला पाणी घरधन्यानं स्वतःच्या हातानं द्यायचं, ही आईच्या वेळची रीत. शिवमूर्ती उठला. कोपऱ्यातल्या माठातून पेला भरला, दोन्ही हातांनी धरून साहेबापुढं केला.

साहेब तहानलेला होता. त्यानं मोठा घोट घेतला, आणि सवयीनं, बिचाऱ्याच्या जन्माच्या सवयीनं, तो ह्या गालातून त्या गालात फिरवला.

मग त्याचे गाल थांबले.

त्यानं पेला नाकाशी नेला. परत एक घोट. आणि चतुराबाईकडं बघितलं.

"आजी, हा वास... सकाळी तुमच्या त्या वाइनीत मला काहीतरी गवतासारखं लागलं हुतं. कुठल्या द्राक्षाला असा वास येतोय ह्या इचारात मी सकाळपासून हाय. हा तर तोच."

"वाळा," चतुराबाई म्हणाली. "वाळ्याची जुडी. अन् जिभेच्या मागं थोडं कडसर लागतंय ते शेवग्याचं बी. गढूळ पाणी आमची आई शेवग्याचं बी वाटून निवळायची, मग माठात वाळा सोडायची. बाकी समद्या गावात तुरटी फिरवतात, न्हाईतर जार घेतात. असं पाणी उदगिरात दोन घरांत हाय. एक माझं. माझ्या घरी बाटल्या आल्याच न्हाईत."

शिवमूर्तीचे हात अजून पेला दिल्यासारखे पुढंच होते.

"अप्पा?" रेवणसिद्ध म्हणाला. "आत्या, न्हाई. अप्पांनी लिंग हातात घेऊन सांगितलंय, मी शिवणार न्हाई म्हणून."

"अन् शिवलाच न्हाई तो." तिनं सांडशी घोंगडीवर ठेवली. "बाटली सांडशीनं धरली. गळ्यावर खुणा हायेत, लावून बघ. दारूला हात लावला तर इटाळ. पोराचा गळा कापला तर इटाळ न्हाई. लाख परत लावली ती बी अशी की एक ओघळ न्हाई. तीस वर्षं टपालाच्या थैल्या लाखेनं बंद करणाऱ्याचा हात हाय तो, रेवण. अन् काढलेली वाइन टाकून द्यायला जीव झाला न्हाई. दुष्काळातला माणूस. गंगीच्या आंबोणात ओतली. तिनं पिऊन जिल्हा मोडला."

साहेबाला हसू आलं होतं, ते त्यानं मिशीत दाबलं.

"शिवा, तुझं चुकलं एकाच ठिकाणी," चतुराबाई म्हणाली, आणि आता तिचा आवाज फाटला. "टँकरचं गढूळ पाणी घातलं असतंस, न्हाईतर बोअरचं खारं, तर माझी जीभ काय सांगणार हुती? पण पाहुणा पिणार हाय म्हणून तू माठातलं निवळलेलं पाणी घातलंस. सिंधु दोन मैलांवरून डोक्यावर आणती ते. तुझ्यातला चोर नवा हाय रे. यजमान जुना."

शिवमूर्ती खाली बसला. "देवाचा कोप नको म्हणून केलं," तो पुटपुटला. "आपल्या घरात दारू... लोक काय..."

"देवाचं नाव घेऊ नको!" ती ओरडली तशी गोठ्यात गंगी दचकली. "देवासाठी केलं असतंस तर पोटात घातलं असतं मी. ह्या पोटात, जिथं तुझं समदं घातलं. पण चुन्याच्या रेघा बघून आले मी. वाळवी सरळ चालत न्हाई, शिवा. अन् काटकोनात वळत तर मुळीच न्हाई. पलाट पाडलेत तू. वेल उभे असतानाच पाडलेत."

रेवणसिद्ध बापाकडं बघत राहिला. शनिवारी त्यानंही त्या रेघा बघितल्या होत्या. त्यातल्या एका रेघेवरचा चुना वेलाच्या बुंध्याला लागेल म्हणून त्यानं हातानं बाजूला केला होता.

"जिल्हा होणार हाय, अक्का," शिवमूर्ती म्हणाला. पहिल्यांदाच खरं बोलला. "कलेक्टर हापिस बांधावर येतंय म्हणतात. द्राक्षांनी काय होतंय? मी काय स्वतःसाठी केलं?"

"मला सही करायला लावलीस तवा रेघा डोक्यात हुत्या का नव्हत्या?"

त्यानं धोतराचा सोगा गुडघ्यावर ओढला.

"हुत्या का नव्हत्या?"

"हुत्या."

७

पंचाक्षरी साहेबानं शेडाचं कुलूप उघडायला लावलं. टाकीतली वाइन पेल्यात घेतली, नाकाशी नेली, तोंडात फिरवली. थुंकायला तिथं बादली नव्हती. गरजही पडली न्हाई. त्यानं ती गिळली आणि पेला परत पुढं केला.

"अजून थोडी," तो म्हणाला. "कामासाठी न्हाई. अशीच."

सिंधु तिथंच मटकन बसून रडायला लागली.

चतुराबाई ओसरीवर भावासमोर उभी होती. "कुणी जाणत्यानं पसंत केली तर वेल राहतील. लिंग हातात घेऊन तू बोललास अन् मी साक्षीला हाय. शब्द पाळणार?"

"पाळतो."

"सांडशीनं धरून न्हाई. हातानं."

त्यानं गळ्यातलं लिंग हातात घेतलं. रेवणसिद्ध मागं येऊन उभा राहिला होता. बापानं त्याच्याकडं बघितलं, पण पोरानं बघितलं न्हाई. पायानं चुन्याची एक रेघ पुसत तो वेलांमध्ये निघून गेला.

चतुराबाईनं पदर डोक्यावर ओढला. बसवराज जीप चालू करून थांबला होता.

"अक्का," शिवमूर्ती मागून म्हणाला. "ऊन लई हाय. पाणी पिऊन जा."

पेला भरून त्यानं दोन्ही हातांनी पुढं केला. सहा वर्षांचा होता तेव्हा असाच धरायचा, अर्धा सांडत. तिनं पेला घेतला. वाळ्याचा वास आला, आईच्या माठाचा. अकरा वाजल्यापासून तिनं तीन जणांचं पाणी चाखलं होतं, पण घोटभरही तहानेनं प्यालं नव्हतं. घशाला कोरड पडली होती.

तिनं पेला ओसरीच्या कडेवर ठेवला. भरलेलाच.

"पाणी चांगलं हाय, शिवा. आई करायची तसंच हाय. पण आजपासून ह्या घरचं पाणी मला न्हाई."

ती जीपमध्ये बसली आणि तोंड फिरवून रस्त्याकडं बघत राहिली.

तो पेला तसाच राहिला. शिवमूर्ती त्याला हात लावेना. सिंधुला ओतवेना, पिववेना. अंधार पडायच्या वक्ताला गंगी दावं तोडून ओसरीवर आली, तिनं पेल्यात तोंड घातलं, वास घेतला, शिवमूर्तीकडं एकदा बघितलं आणि तोंड फिरवून परत गोठ्यात निघून गेली, असं सिंधु सांगते.

शेळीचं सिंधुनं वाढवलं असेल. पेल्याचं मात्र खरं.